मॅरेथॉनची तयारी : वेळापत्रकाआधी वाटाड्या शोधा

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावलं गेलं आणि १९२१ मध्ये ते कायमचं ठरलं. तेवढं धावायला शिकवणारी वेळापत्रकं आता हवी तितकी मिळतात आणि त्यातली बरीचशी चांगली असतात. पण वेळापत्रकाला तुमची आखडलेली पोटरी दिसत नाही, रात्रीची अपुरी झोप कळत नाही. मंगळवारी ८ किलोमीटर लिहिलेत म्हणजे ८. "आज राहू दे, घरी जा" असं त्याला म्हणता येत नाही, आणि नवख्या धावणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती असं म्हणणाऱ्या माणसाची. म्हणून सराव कसा करायचा हे तर या लेखात सांगतेच, पण तो कोणाच्या नजरेखाली करायचा, हेही तितक्याच तपशिलाने सांगणार आहे.

मला सगळ्यात भावलेली गुरू-शिष्यांची जोडी म्हणजे आर्नी ब्रिग्ज आणि कॅथरीन स्वित्झर. १९६६-६७ च्या हिवाळ्यात स्वित्झर अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात शिकत होती आणि मुलांच्या क्रॉस-कंट्री संघाबरोबर सराव करत होती, कारण मुलींचा संघच नव्हता. ब्रिग्ज त्याच विद्यापीठात टपाल वाटायचे. वय पन्नाशीचं, बॉस्टन मॅरेथॉन १५ वेळा धावलेले. ते तिच्या सोबतीने धावायचे आणि धावता धावता बॉस्टनच्या गोष्टी सांगायचे. एका संध्याकाळी ती म्हणाली, गोष्टी पुरे झाल्या, आता आपण ती धावूच या. एवढं अंतर बाईला झेपणार नाही, असं ब्रिग्जचं ठाम मत होतं. तरी सरावात ते पुरं करून दाखवलंस तर मी स्वतः तुला घेऊन जाईन, एवढं त्यांनी कबूल केलं. तिने दाखवलं. मॅरेथॉनच्या अंतरावर आणखी ५ मैल घालून, म्हणजे ३१ मैल, जवळजवळ ५० किलोमीटर. त्यानंतर "आता रीतसर नाव नोंदव" हा आग्रह ब्रिग्जनीच धरला. १९ एप्रिल १९६७ रोजी २६१ क्रमांकाचा बिब, म्हणजे अंगावर लावायचा नंबराचा कागद, लावून ती धावली. शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने मध्येच तिला धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला, तरी ती थांबली नाही. साधारण ४ तास २० मिनिटांत तिने शर्यत पूर्ण केली. स्त्रियांना बॉस्टनची दारं अधिकृतपणे उघडली ती १९७२ मध्ये.

यात ब्रिग्जची दोन कामं मला फार मोठी वाटतात. त्यांनी एक स्पष्ट कसोटी ठेवली, आणि ती पार झाल्यावर स्वतःचं जुनं मत सोडून दिलं. मार्गदर्शक शोधताना हेच पाहायचं.

पहिली पायरी : आपण कुठे उभे आहोत ते बघा

मॅरेथॉनचा सराव शून्यापासून सुरू होत नाही. त्याआधी निदान तीन-चार महिने नियमित धावणं झालेलं हवं आणि ८ ते १० किलोमीटर न थांबता, फार धाप न लागता जमायला हवेत. अजून तिथे पोचला नसाल तर चालत-धावत सुरुवात करा. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. दर आठवड्याला धावण्याचा भाग थोडा वाढवत न्यायचा. चालण्यात कमीपणा मुळीच नाही. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी पुढे धावणं आणि चालणं ठरावीक मिनिटांनी आलटून पालटून करण्याची पद्धतच रूढ केली, आणि असंख्य लोक तशाच रीतीने पूर्ण मॅरेथॉन पार करतात.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा धावताना छातीत दुखत, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. हे औपचारिकता म्हणून लिहीत नाही. तपासणी झाल्याशिवाय पुढची पायरी वाचायची घाई करू नका.

दुसरी पायरी : मार्गदर्शक शोधा

तो नामांकित प्रशिक्षकच असला पाहिजे, असं नाही. अनेक वर्षं सातत्याने धावणारा, दोन-चार मॅरेथॉन पुऱ्या केलेला आणि दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूस पुरतो. रोज धावायला येणाऱ्यांच्या गटात असा एखादा असतोच. बहुधा तो सगळ्यात वेगवान नसतो. मागे राहिलेल्यांसाठी जो थांबतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

काही माणसं मात्र टाळा. स्वतःच्या वेळा ऐकवणारा पण तुमच्या वेळा न विचारणारा, दुखणं सांगितलं की "सहन करायला शिक" म्हणणारा, सगळ्यांना एकच वेळापत्रक देणारा. आणि पहिल्याच भेटीत महागडे बूट, पावडरी, घड्याळं सुचवणाऱ्यापासूनही जरा लांबच.

विचारायचं कसं, याचा उत्तम धडा एलिउड किपचोगेने घालून दिला आहे. तो केनियातल्या खेड्यातला पोरगा होता तेव्हा त्याच परिसरात पॅट्रिक सँग राहत होते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्यपदक मिळवलेले सँग. किपचोगे त्यांच्याकडे गेला आणि सराव लिहून द्या म्हणाला. सँगनी थोड्या दिवसांचा दिला. तो संपल्यावर पोरगा पुन्हा दारात हजर. पुन्हा दिला, पुन्हा हजर. असं बऱ्याचदा झाल्यावर सँगनी त्याची नीट चौकशी केली. पुढे याच जोडीने मॅरेथॉनची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली, आणि २०१९ मध्ये व्हिएन्नात किपचोगे खास आखलेल्या धावेत १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत ४२.१९५ किलोमीटर धावला. तेव्हा "मला मॅरेथॉन शिकवाल का?" असा भला मोठा प्रश्न एकदम समोर टाकू नका. दोन आठवड्यांचं काही सांगा म्हणा, ते तंतोतंत करा, काय झालं ते सांगायला परत जा. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याची ओळख तिथूनच पटते.

मी ज्यांच्याकडे शिकले त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. ते शेजारून धावताना फार बोलत नाहीत. फक्त चढ लागला की काहीतरी साधं विचारतात, काल काय वाचलंस, आईची तब्येत कशी आहे. उत्तराचं वाक्य मध्ये श्वास न घेता पुरं झालं तर ते तसेच पुढे धावत राहतात. वाक्य तुटलं की हाताचा पंजा हळूच खाली करतात, म्हणजे वेग कमी. मी धावू लागले ती त्यांना बघून, आणि माझ्या सगळ्या सरावाचा कणा हा एवढाच इशारा आहे.

तिसरी पायरी : आठवडा आखा

पहिल्या मॅरेथॉनसाठी १८ ते २० आठवडे धरा. आठवड्यातून चार दिवस धावणं पुरतं. दोन दिवस सावकाश धावायचं, एक दिवस थोडं नेटाने, एक दिवस लांब पल्ला. उरलेल्या तीनपैकी एक दिवस मांड्या, पोटऱ्या, नितंब आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, एक दिवस चालणं, पोहणं किंवा सायकल, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. विश्रांतीचा दिवस आधी ठरवा आणि बाकीचे त्याच्याभोवती बसवा.

सावकाश म्हणजे किती? वर सांगितलं तेच. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आठवड्यातलं बहुतेक सगळं धावणं याच वेगात व्हायला हवं, आणि नवे लोक अडखळतात ते इथेच. हा वेग त्यांना लाजिरवाणा वाटतो, मग रोज मध्यम जोरात धावतात. ते ना धड सावकाश, ना धड जोरात.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडिअर्ड यांनी १९५० च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून दाखवून दिलं की आधी महिनोन्महिने आरामाच्या वेगात भरपूर अंतर कापून दम वाढवायचा आणि वेगाचं काम त्यानंतर करायचं. पीटर स्नेल हा त्यांचा ८०० मीटरचा धावपटू, तरी त्यालासुद्धा ते २२ मैलांच्या, म्हणजे ३५ किलोमीटरच्या डोंगराळ रस्त्यावर धावायला लावायचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि त्यांच्याच मरे हाल्बर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकलं. दोन मिनिटांहून कमी वेळाच्या शर्यतीला जर एवढा पाया लागतो, तर चार-पाच तासांच्या शर्यतीला किती लागेल, याचा विचार करा.

नेटाने धावायच्या दिवशी आधी १५ मिनिटं सावकाश, मग २० ते ३० मिनिटं अशा वेगात की तुटक शब्दच बोलता येतील, आणि शेवटी पुन्हा १० मिनिटं सावकाश. पहिल्या सहा आठवड्यांत हेही करू नका. फक्त सावकाश धावा.

चौथी पायरी : लांब पल्ला वाढवत न्या

लांब पल्ला १२ किलोमीटरपासून सुरू करा. दर आठवड्याला साधारण २ किलोमीटर वाढवा आणि चौथ्या आठवड्याला कमी करा. म्हणजे १२, १४, १६ आणि मग पुन्हा १२. त्यानंतर १६, १८, २० आणि मग १४. असं करत ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत जा. तो टप्पा शर्यतीच्या तीन आठवडे आधी यायला हवा. आठवड्याचं एकूण अंतर २५ किलोमीटरच्या आसपास सुरू होऊन ५५ ते ६० पर्यंत जाईल. लांब पल्ला एकूण अंतराच्या निम्म्याच्या फार पुढे जाऊ देऊ नका, आणि तीन-साडेतीन तासांहून जास्त वेळ धावायला लागत असेल तर ३२ चा हट्ट सोडा. त्यापुढे मिळणारा फायदा थोडा आणि शरीराची झीज मोठी.

सरावात पूर्ण ४२ का नाही, हा प्रश्न सगळेच विचारतात. कारण ते धावून सावरायला कित्येक दिवस जातात आणि तेवढ्यात पुढचा सराव बुडतो. (स्वित्झरला ५० किलोमीटर धावावे लागले, पण ते एका अविश्वासाला उत्तर होतं. सरावाची ती रीत नव्हे.)

चौथा आठवडा हलका ठेवण्यामागे शरीराचा हिशेब आहे. हृदय, फुप्फुसं, रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूबंध आणि हाडं घट्ट व्हायला महिने लागतात. त्यामुळे दोन-अडीच महिन्यांनी असा काळ येतो की दम भरपूर असतो, अंगात जोर असतो, पण नडगी आणि टाचेमागची शीर अजून तयार नसते. बहुतेक दुखापती याच काळात होतात, सगळ्यात छान वाटत असताना. तेव्हा आपली समजूत कामाची नाही. कोणीतरी बाहेरून बघून आवर म्हणावं लागतं.

पाचवी पायरी : दुखणं वाचायला शिका

मी दुखतंय म्हटलं की काका म्हणतात, "बोट ठेव." सगळा तळहात फिरवून "इथे सगळीकडे" असं दाखवलं तर तो बहुधा थकलेला स्नायू असतो, दोन दिवसांत उतरतो. एका बोटाने हाडावरची एकच जागा दाखवली आणि ती दाबल्यावर कळ आली, तर धावणं त्या क्षणी बंद आणि थेट डॉक्टर. हाडाला बारीक तडा जात असल्याची ती खूण असू शकते, आणि तशात धावत राहिलं तर काही आठवड्यांचं काम काही महिन्यांवर जातं.

आणखी तीन खुणा लक्षात ठेवा. धावता धावता वाढत जाणारं दुखणं, धावण्याची ढब बदलायला लावणारं दुखणं, आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. यातलं एकही असेल तर थांबा. वेदनाशामक गोळी घेऊन लांब पल्ला धावणं तर अजिबात नको. दुखणं झाकलं जातं, आणि त्यातल्या काही गोळ्यांचा घाम गाळणाऱ्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो.

बूट पायाला आरामदायक वाटतील तेच घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून, कारण लांब पल्ल्यात पाय सुजतात आणि नखं काळी पडतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदला. शर्यतीचे बूट निदान एका लांब पल्ल्यात वापरून झालेले असावेत. काख, मांड्यांच्या आतली बाजू, कपड्याची शिवण घासते ती जागा, इथे पेट्रोलियम जेली लावा. लावली नाही तर आंघोळीचं पाणी अंगावर पडताच कुठे कुठे सोलवटलंय ते कळतं.

सहावी पायरी : पोट आणि पाणी यांचाही सराव करा

धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे अंदाजे एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २७०० लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण २००० किलोकॅलरींची असते. चरबी मदतीला येते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. म्हणून ३० किलोमीटरच्या पुढे अनेकांचे पाय अचानक शिशासारखे जड होतात. धावणारे त्याला वॉल म्हणतात. सुरुवातीला वेग आवरला तर साखर पुरवून वापरली जाते. वाटेत खाल्लं तर भर पडते. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या, जेल (पाकिटातलं साखरेचं घट्ट चाटण), केळं, गोड पेय, पोटाला मानवेल ते. सुरुवात पहिल्या ४०-४५ मिनिटांतच करा, भूक लागायची वाट पाहू नका. आणि हे सगळं लांब पल्ल्याच्या दिवशी आधी करून बघा, कारण धावताना पचवायचीही सवय लागावी लागते.

पाण्यासाठी लांब पल्ल्याच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर घाम भरून निघाला नाही. तहान लागेल तसं प्या. दोन तासांपेक्षा जास्त धावणार असाल तर पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्या. गरजेपेक्षा जास्त नुसतं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. हा धोका पाच-सहा तास रस्त्यावर असणाऱ्यांना अधिक. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पाणी पीत आहात.

सातवी पायरी : शेवटचे तीन आठवडे

याला टेपर म्हणतात. अंतर दर आठवड्याला कमी करत शेवटच्या आठवड्यात नेहमीच्या तिसऱ्या हिश्शावर आणा. वेग तोच राहू द्या. या दिवसांत पाय जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवतात, एक शेवटचा लांब पल्ला मारावा असं फार वाटतं. मारू नका. आता केलेल्या श्रमांचं फळ शर्यतीपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र मिळतो. याच आठवड्यांत मार्गदर्शकाशी रोज बोला, भले दोनच मिनिटं.

लक्ष्य ठरवायला हाफ मॅरेथॉनची, म्हणजे निम्म्या अंतराच्या शर्यतीची, वेळ घ्या, दुप्पट करा आणि पहिलीच खेप असेल तर त्यात १५ ते २० मिनिटं घाला. २ तास १० मिनिटांची हाफ असेल तर ४ तास ३५ ते ४० मिनिटं. साडेचार तासांसाठी किलोमीटरमागे ६ मिनिटं २४ सेकंद लागतात, पाच तासांसाठी ७ मिनिटं ७ सेकंद.

शर्यतीचा दिवस आणि नंतर

नवं काहीही नको. मोजे नको, नाश्ता नको, जेल नको. तीन तास आधी नेहमीचं हलकं खा. गर्दीत सगळे सुसाट सुटतात. तुम्ही पहिले ५ किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १० ते १५ सेकंद सावकाश जा. ३० किलोमीटरपर्यंत संयम, आणि त्यानंतर पुढचं पाण्याचं टेबल एवढंच डोळ्यांसमोर. चालावं लागलं तर चाला, पण किती वेळ ते आधीच ठरवून. छातीत दुखलं, गरगरलं, अंगावर थंडी वाजून काटा आला किंवा गोंधळल्यासारखं झालं, तर जवळच्या स्वयंसेवकाला सांगून तिथेच थांबा.

फौजा सिंग यांनी पहिली मॅरेथॉन २००० मध्ये लंडनला धावली, तेव्हा त्यांचं वय ८९ वर्षं सांगितलं जायचं. ते प्रशिक्षक हरमंदर सिंग यांच्या देखरेखीखाली सराव करत. पहिल्या मॅरेथॉनला उशीर झाला असं वाटणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

शर्यत संपल्यावर लगेच बसू नका, १०-१५ मिनिटं चालत राहा. तासाभरात काहीतरी खा. पहिला आठवडा धावू नका, फक्त चाला. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीनदा २० ते ३० मिनिटं सावकाश. नेटाचं धावणं चौथ्या आठवड्याआधी नको, आणि पुढच्या शर्यतीचं नाव नोंदवण्याआधी मार्गदर्शकासमोर दर ५ किलोमीटरच्या वेळांचा कागद घेऊन बसा. कुठे वेग घसरला, कुठे खायला विसरलात, कोणत्या आठवड्यात सराव चुकला, हे दोघांनी मिळून बघा. पुढचं वेळापत्रक त्या कागदावरून लिहायचं.